अंगावरच्या दुधाची आठवण

(मंडळाच्या महिला शाखेतर्फे श्रावणी शुक्रवारच्या जिवतीपूजनाच्या कार्यक्रमात वाचलेल्या भाषणाचा मजकूर)



विषय जाहीर होताच मागच्या रांगेतले दोन-तीन काका चहाचे बघायला म्हणून उठले, हे आम्ही इथून पाहिले. (स्मरणिकेत छापताना हे वाक्य मुद्दाम ठेवले आहे.) चहाला अजून पाऊण तास आहे. बसावे, ही विनंती.

विषय आमच्याकडे चालत आला तो असा. आमच्यातल्या एकीचा मुलगा आणि सून न्यू जर्सीला असतात. जूनमध्ये सून दोन वर्षांच्या नातवाला घेऊन आली. भजनाच्या दिवशी तीही सासूबाईंबरोबर आली. तिच्या गळ्यात बारीक चांदीच्या साखळीत एक पांढरे, किंचित पिवळसर झाक असलेले पदक होते. कुणीतरी सहज विचारले, मोती आहे का गं? ती म्हणाली, "नाही काकू, माझं दूध आहे." मूल अंगावरून तुटायच्या सुमारास तिने थोडे दूध पाठवून ते करून घेतले होते. दूध वाळवून त्याची भुकटी करतात, ती रेझिनमध्ये मिसळून साच्यात घालतात, घट्ट झाली की चांदीत किंवा सोन्यात बसवतात. आता आपल्या देशातही हे करून देणाऱ्या बायका आहेत. कुरिअरने दूध पाठवायचे, महिना-दीड महिन्याने दागिना घरी.

क्षणभर कुणी बोलेना. मग एक काकू म्हणाल्या, "अगंबाई, म्हणजे गळ्यात खरवसच की!" सगळ्या हसल्या, सूनही हसली. पण आमच्यातल्या सर्वांत वडील आजी हसल्या नाहीत. त्यांनी ते पदक हातात घेतले, चष्मा वर करून पाहिले आणि विचारले, "किती दिवस पाजलंस?" "चौदा महिने, आजी." आजी म्हणाल्या, "मी तिघांना मिळून सहा वर्षं पाजलं. किती पाजलं हे मला आजवर कुणी विचारलं नाही, आणि मीही कुणाला सांगितलं नाही."

त्या दिवशी भजन झालेच नाही. संध्याकाळी साडेसातपर्यंत आम्ही बोलत बसलो. पन्नास-पन्नास वर्षे एकमेकींना ओळखणाऱ्या बायका आम्ही. एकमेकींच्या गुडघ्यांची, सुनांची, पेन्शनची खडान्‌खडा माहिती. पण कुणाला पान्हा कधी फुटला, कुणाचे दूध दाटून ताप आला, कुणाचे आलेच नाही, यातले काहीही ठाऊक नव्हते.

घरी जाऊन आम्ही विचार करू लागलो. आपल्याकडे बाळाच्या वाटेवर पावलोपावली सोहळा आहे. पाचव्या दिवशी पाचवी पुजायची. इथल्या शेजारणींची छठ्ठी, तेव्हा बाळाचे नशीब लिहायला विधात्रीपुढे कोरा कागद आणि लेखणी ठेवतात. आपणही बडोदेकर म्हणून दोन्ही करतो, म्हणजे कुणी रुसायला नको. बाराव्या दिवशी बारसे, मग उष्टावण, जावळ, संक्रांतीला बोरन्हाण. उष्टावणाला मामाने चांदीच्या वाटीतली खीर भरवायची. सगळे बाळाचे. बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, बाळंतशेप, शेक-शेगडी, आणि शेजारच्या बेनने आणून दिलेले काटलू हे असते खरे, पण ते तिच्यासाठी असते की दुधासाठी, हे ज्याचे त्याने ठरवावे. आणि पाजणे संपते तेव्हा? मुहूर्त नाही, हळदीकुंकू नाही. कडुनिंबाचा पाला वाटून नाहीतर कोरफडीचा गर छातीला लावायचा, मुलाने तोंड वेडेवाकडे करायचे, घरातल्यांनी हसायचे, आणि आईने स्वयंपाकघरात जाऊन कुकर लावायचा. रात्री मूल आजीजवळ झोपवायचे. त्या रात्री छाती भरून येते, मूल पलीकडच्या खोलीत रडते, आणि आपण भिंतीकडे तोंड करून पडतो. इथे बसलेल्या किती जणींना ती रात्र आठवते, ते हात वर करून सांगायला नको. चेहऱ्यांवरून कळते आहे.

भाषेत मात्र दूध उदंड आहे. 'आईचे दूध प्यायला असशील तर ये पुढे', 'आईच्या दुधाची शपथ', 'आईच्या दुधाची लाज राख'. नीट ऐकले तर हे सगळे बोलणे लढाईला निघालेल्या मुलाशी आहे. पाजणारीला कुणी काही म्हणत नाही.

म्हणून आम्ही शोधू लागलो, की पाजल्याची आठवण कुणी कधी ठेवली तरी आहे का. आणि ती सापडली ती आधी गणपतीच्याच घरात. गणपती पार्वतीने अंगाच्या मळापासून केला, पण त्याच्या भावाची गोष्ट पाहा. शरवणातल्या त्या उघड्या बाळाला पाजायला सहा कृत्तिका आल्या. प्रत्येकीला वाटे, मीच पाजीन. कुणाचे मन मोडू नये म्हणून बाळाने सहा मुखे धारण केली आणि सहाजणींचे दूध एकदमच प्याला. कृत्तिकांचा म्हणून तो कार्तिकेय. जन्म देणाऱ्याच्या किंवा कुळाच्या नावावरून नव्हे, पाजणाऱ्यांच्या नावावरून ज्याला नाव मिळाले असा हा देव. आणि गंमत, गंमत कसली, नवलच म्हणायचे, की आपल्याकडे बायकांनी दर्शन घेऊ नये अशी समजूत पुष्कळ ठिकाणी आहे ती नेमकी याच देवाची.

दुसरी आठवण इतिहासातली. संभाजीराजांचा जन्म १४ मे १६५७ रोजी पुरंदरावर झाला. सईबाईंची प्रकृती ठीक नव्हती. बाळाला पाजण्यासाठी पुणे-सातारा रस्त्यावरच्या कापूरहोळच्या गाडे घराण्यातली धाराऊ गडावर आली. दोन वर्षांनी, १६५९ साली, सईबाई गेल्या. तेव्हा बाळ अडीच वर्षांचेही नव्हते. धाराऊची स्वतःची मुले अंतोजी आणि रायाजी हे संभाजीराजांचे दूधभाऊ. एरवी शेतकऱ्याच्या घरातल्या त्या काळच्या कुठल्या बाईचे नाव आपल्याला माहीत असते? धाराऊचे आहे, गावासकट आणि मुलांसकट, आणि ते कशामुळे आहे हे सांगायला नको.

तिसरी हिरकणी. तिची गोष्ट सांगत बसत नाही, चौथीच्या पोरालाही पाठ आहे. रायगडाचे दरवाजे मिटले, तान्हे बाळ खाली वाडीत, कोजागिरीचे चांदणे, आणि गवळण कडा उतरून घरी. समकालीन कागदपत्रांचा तिला आधार नाही, असे अभ्यासक सांगतात. नसू दे. तिच्या नावाचा बुरुज रायगडावर उभा आहे, आणि अंगावरच्या दुधासाठी बांधलेले एवढे मोठे स्मारक आम्हाला दुसरे ठाऊक नाही. आमच्यातल्या एका चौकस बाईंचे म्हणणे, की महाराजांनी तिचा साडीचोळीने सन्मान केला आणि लगेच तिथे बुरुज बांधून तो कडा बंदही केला. म्हणजे त्यात स्मारक किती आणि बंदोबस्त किती? दुसऱ्या दिवशी दुसऱ्या एखादीला उशीर झाला असता तर तिने उतरायचे कुठून? यावर आमच्यात बराच वाद झाला, तो इथे काढत नाही. पण महाराष्ट्रात एसटीच्या बसस्थानकांवर बाळाला पाजायला जी खोली असते तिला 'हिरकणी कक्ष' म्हणतात, हे बहुतेकांनी जाता-येता पाहिले असेल. एक बाक, एक आडोसा, दारावर तिचे नाव. आम्हाला ही आठवण बुरुजापेक्षा जास्त पटते. तिथे बसून कुणाला तरी पाजता येते.

स्मारकांचे म्हणाल तर आपले बडोदे काही कमी नाही. रावपुऱ्याचा टॉवर सगळ्यांना माहीत आहे. १८९६ चा. तो पहिल्या चिमणाबाई महाराणींच्या नावाचा, आणि सुरसागराजवळच्या न्यायमंदिरालाही त्यांचेच नाव. तंजावरहून आलेल्या या महाराणी १८८५ साली गेल्या, तेव्हा युवराज फत्तेसिंहराव दोन वर्षांचेही झाले नव्हते. त्या टॉवरखालून आयुष्यभर ये-जा केलेल्या आम्ही. 'टॉवरपाशी उतरवा' असे रिक्षावाल्याला हजार वेळा सांगितले असेल. तो मागे तान्ही मुले ठेवून गेलेल्या एका तरुण आईच्या नावाचा आहे, हे आमच्यातल्या निम्म्या जणींना या भाषणाच्या निमित्ताने कळले. सांगणारे उरले नाहीत की टॉवरचे नुसते घड्याळ होते.

तेव्हा आम्ही ठरवले, की आधी सांगणाऱ्यांकडे जायचे. जुलैचे तीन आठवडे आम्ही दांडिया बाजार, बाबाजीपुरा, कारेलीबाग इथल्या ओळखीच्या घरी गेलो. सत्तरी-ऐंशीच्या बायकांना एवढेच विचारले: पाजण्याचे काय आठवते? पहिल्यांदा प्रत्येकीने तेच सांगितले, "त्यात काय सांगायचं!" आणि मग चहा गार होईपर्यंत सांगत राहिल्या. नावे छापणार नाही असे सांगितले होते, म्हणून छापत नाही.

एक आजी सत्तरच्या दशकात बँकेत होत्या. तीन महिन्यांच्या बाळाला घरी ठेवून कामावर रुजू झाल्या. अकराच्या सुमारास पान्हा यायचा. लेजर समोर, ग्राहक समोर. पदर दुहेरी घ्यायच्या, आत जुन्या धोतराच्या घड्या ठेवायच्या. एकदा ब्लाउज भिजला तेव्हा जुन्या वह्यांच्या खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून दूध पिळून टाकले, फरशीवर. "पन्नास वर्षं झाली," त्या म्हणाल्या, "माझं बाळ घरी वाटीचमच्याने पीत होतं आणि मी फरशी पुसत होते." आम्ही त्यांना सांगितले, की १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत आईला रोज पाजण्यासाठी दोन वेळा सुट्टी द्यायची तरतूद तेव्हाही होती. त्या बराच वेळ आमच्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "साहेबांना माहीत असेल का हो?" नंतर स्वतःच म्हणाल्या, "मला तरी कुठे होतं!"

दुसरी गोष्ट एका काकांची आहे. होय, मागच्या बंधूंनो, यात काकाही आहेत. त्यांचा जन्म घडियाळी पोळीतला. जन्मानंतर आईला विषमज्वर झाला. दूध आटले. शेजारच्या घरात गुजराती बा, त्यांची मुलगी तेव्हा चार महिन्यांची. त्या बांनी ह्यांना पावणेदोन महिने आपल्या मुलीबरोबर पाजले. एक इकडे, एक तिकडे. आपल्या आजीने सोवळ्याओवळ्याचा प्रश्न काढला, तेव्हा आजोबा म्हणाले म्हणे, की बाळ जगले तर सोवळे पुढे पाळता येईल. काका मोठे झाले, इंजिनिअर झाले, निवृत्तही झाले. पण दर बेसत्या वर्षाला सकाळी उठून, घरच्या देवाला नमस्कार करायच्या आधी, ते त्या पोळीत जाऊन बांच्या पाया पडत. बा जाऊन आता बारा वर्षे झाली. घर भाड्याने दिले आहे. काका अजून जातात, उंबऱ्याला हात लावतात आणि परत येतात. काकूंना वाटे, हे लहानपणच्या मित्राकडे जातात. खरे कारण चाळीस वर्षांच्या संसारात या जुलैमध्ये पहिल्यांदा कळले. काकू रुसल्या, की मला का नाही सांगितलंत, आणि मग म्हणाल्या, यंदा मीही येते.

तिसरी गोष्ट शेवटी सांगतो.

आता मूळ प्रश्न. तरुण मुली विचारतात, आम्ही काय करावे? पाजण्याचे दिवस संपले, त्याची काही खूण ठेवावीशी वाटते. आम्हाला जे वाटले ते सांगतो. सगळे सगळ्यांना पटावे असा आग्रह नाही.

पदकाला आम्ही नाक मुरडणार नाही. ज्या देशात जावळाचे केस आणि नाळेचा तुकडा जपून ठेवतात तिथे दुधाचे काय वावडे? पण हौस महाग आहे, आणि शेवटचे उरलेले दूध कुणा अनोळखी माणसाच्या हवाली करण्याआधी त्याचे आधीचे काम डोळ्यांनी पाहावे. काळाबरोबर त्याला थोडा पिवळेपणा येऊ शकतो, हेही धरून चालावे. आमच्या त्या सुनेचे म्हणणे, की पिवळे झाले तर होऊ दे, मीही होणार आहे.

फोटो काढावा, एक तरी काढावा, आणि तो छापून घ्यावा. आमच्या पिढीत पाजतानाचा फोटो म्हणजे अब्रह्मण्यम्. आज मुली काढतात, चांगले दिसतात. तो गावभर पाठवायची गरज नाही. कपाटातल्या अल्बममध्ये असला तरी तो असतो. कमाटीबागेतल्या म्युझियममध्ये मुलाबाळांना घेऊन जाच. आपल्याच अकोट्याला १९५१ च्या सुमारास सापडलेल्या जैन धातुमूर्तींमध्ये मांडीवर मूल घेतलेली अंबिका आहे. शामळाजीहून आणलेल्या साधारण सहाव्या शतकातल्या मातृकाही तिथे आहेत. दीड हजार वर्षांपूर्वी इथल्या कारागिरांना मांडीवरचे मूल काढावेसे वाटले, तर आपल्या मोबाईलने का लाजावे?

बाळंतपणातले जुने गाऊन, ब्लाउज, मऊ झालेल्या साड्या बोहारणीला देऊ नयेत. आजीच्या नऊवारीची दुपटी करायची आपली रीत आहेच. आईच्या त्या कपड्यांचा एक चौकोन त्यात बसवावा. खर्च नाही, आणि धुतली तरी आठवण जात नाही.

कुंडीत काही लावायचे असेल तर शतावरी लावावी, किंवा जिवंतीची वेल. आयुर्वेदात दोन्ही पाजणाऱ्या आईसाठी सांगितल्या आहेत. जिवंतीला गुजरातीत डोडी म्हणतात, इथल्या खेड्यांत तिची भाजीही करतात. आज आपण ज्या जिवतीच्या कागदाला हळदकुंकू वाहिले, त्यात वर नरसिंह आणि कालियामर्दन कृष्ण, खाली हत्तीवर बुध आणि वाघावर बृहस्पती, आणि मधोमध जरा-जिवंतिका लेकरे अंगाखांद्यावर घेऊन. देवीचे आणि वेलीचे नाव जवळजवळ एकच. आज आपण मुलांना ओवाळले. जी इथे नाहीत, न्यू जर्सीला आहेत, पुण्याला आहेत, त्यांच्या नावाने चारी दिशांना अक्षता टाकल्या. ती रीत आम्हाला फार आवडते, पोस्टाचा खर्च नाही. आमची एवढीच सूचना, की घरातल्या लेकुरवाळीलाही आज ओवाळावे. तसेच उष्टावणाच्या दिवशी मामाची चांदीची वाटी झाली की आईची ओटी भरावी. खण, नारळ, मूठभर तांदूळ. सहा महिने नुसत्या दुधावर मूल वाढवले त्याबद्दल. पाजण्याचा शेवटचा दिवस कुणालाच सापडत नाही. तो शेवटचा आहे हे त्या दिवशी ठाऊक नसते. उष्टावणाला निदान तारीख असते.

ज्यांना दूध भरपूर आहे आणि काही भरीव करावेसे वाटते, त्यांच्यासाठी एक वाट आहे. १९८९ साली मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी मातृदुग्धपेढी सुरू केली. आशियातली ती पहिली. अपुऱ्या दिवसांची बाळे तिथे मोठ्या संख्येने दगावत होती, आणि वरचे दूध त्यांना झेपत नव्हते. आता देशात अनेक ठिकाणी अशा पेढ्या आहेत. देणाऱ्या आईची रक्ततपासणी करतात, दूध ६२.५ अंश सेल्सियसला अर्धा तास तापवून निर्जंतुक करतात, गोठवून ठेवतात आणि ज्या बाळाची आई आजारी आहे किंवा नाही, त्याला देतात. हे दान आहे, विक्री नाही. आईच्या दुधाचा धंदा करायला परवानगी नाही, हे अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२४ च्या मे महिन्यात स्पष्ट बजावले आहे. आपल्या बालरोगतज्ज्ञांना विचारावे, ते वाट दाखवतील. कृत्तिका सहा होत्या. ही पेढी म्हणजे त्यांचीच मोठी झालेली शाखा समजा.

आणि आता ज्यांना दूध आले नाही त्यांच्याविषयी. यावर आम्ही सर्वांत जास्त वेळ बोललो. आजीने सुनेसमोर "आमच्या वेळी नुसतं वाहायचं" म्हणायचे, आणि सुनेने खाली मान घालून पावडरीचा डबा उघडायचा, हे आपल्या घरांत झाले आहे, आमच्याही झाले आहे. आमच्या वेळी काय सगळे सोन्याचे होते? पहिला चीक कच्चा म्हणून पिळून टाकत, आणि बाळाच्या तोंडात मध, गूळपाणी, इथली गळथूथी घालत. आज डॉक्टर नेमके उलट सांगतात: पहिल्या तासात अंगावर घ्यावे, चीक बाळाला मिळालाच पाहिजे, सहा महिने दुसरे काही नको, पुढे खाण्याबरोबर दोन वर्षे आणि त्यानंतरही पाजावे. आपल्या शेजारी आणंदला १९५५ मध्ये म्हशीच्या दुधाची भुकटी करणारा कारखाना उभा राहिला, त्याचा आपल्याला अभिमान आहे. पण पुढे पावडरीच्या डब्यांवरच्या गुटगुटीत बाळांनी पुष्कळ आयांना आपलेच दूध कमी आहे असे वाटायला लावले, म्हणून १९९२ साली कायदा करून बाळदुधाच्या जाहिरातींवर बंदी आणावी लागली. डबा वाईट नाही. डब्यावाचून जे बाळ राहिले नसते, त्याला तो मिळायलाच हवा. त्या आईने रात्री दोन वाजता उठून पाणी उकळले, वाटी-चमचा उकळला, मांडीवर घेऊन भरवले. तिचीही आठवण आम्हाला या कामात हवी आहे. म्हणूनच ज्या खुणेने दुसरीला खाली मान घालावी लागेल, ती खूण मंडळाच्या कार्यक्रमात नको, हे आम्ही ठरवून टाकले. 'सर्वाधिक महिने पाजणाऱ्या मातेचा सत्कार' अशी सूचना एका उत्साही सभासदांकडून आली होती. ती आम्ही हसून नाकारली.

आमचे स्वतःचे काम साधे आहे. एक वही घेतली आहे, जाड पुठ्ठ्याची, दोनशे पानी. प्रत्येक बाईला एक पान. पाहिजे ते लिहावे: किती महिने, कुठल्या घरात, कोण जवळ होते, कुणी मदत केली, कुणी केली नाही, दूध तुटले तेव्हा काय झाले. नाव घालायचे की नाही, तिचे तिने ठरवावे. औषधोपचार लिहू नयेत. ते डॉक्टरांचे काम आहे, आणि वही कुणाला आजारी पाडायला नको. आतापर्यंत चौतीस पाने झाली आहेत. पैकी दोन पुरुषांची आहेत, एक त्या काकांचे.

आता ती तिसरी गोष्ट. ज्या आजींनी पदक हातात घेऊन प्रश्न विचारला, त्यांचीच. त्यांची तीन मुले तुम्हा सर्वांना ठाऊक आहेत. त्यांच्या आधी एक मुलगी झाली होती. नवव्या दिवशी गेली. मूल गेले, पण दूध येतच राहिले. आता काय करायचे हे कुणाला सुचेना. सुईणीने मोगऱ्याची फुले आणायला सांगितली. मोगऱ्याची फुले छातीला बांधून दूध आटवायचा उपाय जुना आहे, दक्षिणेतही करतात. सासऱ्यांनी मांडवीवरून पानात बांधून फुले आणली. चार दिवस रोज ताजी फुले बांधली. दूध आटले. नंतर त्या मुलीविषयी घरात कुणी बोलले नाही. आजींनी त्यानंतर कधी मोगऱ्याचा गजरा घातला नाही. मंडळाच्या हळदीकुंकवात आम्ही दर वर्षी त्यांना गजरा देतो, त्या हातात घेतात आणि शेजारणीच्या केसांत माळतात. आम्हाला वाटे, विधवा आहेत म्हणून. आम्ही तर दोनदा त्यांना समजावलेही होते, की आता तसले काही पाळू नका.

वहीत त्यांचे पान लिहायला आम्ही बसलो तेव्हा त्या म्हणाल्या, माझे नाव नको, तिचे घाला. पण तिचे बारसे झाले नव्हते. नाव नव्हतेच. थोडा वेळ बसून त्यांनी स्वतःच पेन घेतले आणि लिहिले: "पहिली मुलगी. नऊ दिवस पाजले." बाकी पान कोरे आहे. त्यावर दुसरे काही लिहायचे नाही, असे आम्ही ठरवले आहे.

यंदाच्या हळदीकुंकवाला मोगऱ्याऐवजी शेवंतीचे गजरे सांगितले आहेत.

वही गणेशोत्सवाच्या सर्व दिवसांत सभागृहात, देणगीच्या पावतीपुस्तकाशेजारच्या टेबलावर असेल. संध्याकाळी आरतीनंतर नऊपर्यंत. ज्यांना लिहिणे जमत नाही किंवा घराबाहेर पडणे होत नाही, त्यांच्याकडे दोन मुली येऊन लिहून घेतील. मंडळाच्या कार्यालयात सांगून ठेवावे. मराठी अडत असेल तर गुजरातीत लिहिले तरी चालेल, आमच्या निम्म्या नातवंडांना तीच लिपी वाचता येते. पेन मात्र आपापले आणावे. टेबलावरची पेने दर वर्षी तिसऱ्या दिवसापर्यंतच पुरतात.